सालीखालचे शेतकरी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो जीव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. त्याचे काम मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंब बागायतदारांनी चांगलेच पाहिले आहे. खोडावर टाचणीने टोचावे तशी बारीक भोके दिसतात. भोकाच्या तोंडाशी पिवळसर भुसा असतो, कधी अगरबत्तीच्या राखेसारखी भुशाची बारीक कांडी बाहेर आलेली असते. मग पाने पिवळी पडतात, एकेक फांदी सुकत जाते आणि चार-पाच वर्षे लेकरासारखे वाढवलेले झाड हातचे जाते. बंदुकीचे छर्रे मारल्यासारखी ही भोके, म्हणून त्याचे नाव ‘शॉट होल बोरर’ पडले. आपल्याकडे ‘पिन होल बोरर’ हेही नाव रुळले आहे. २०२१-२२ च्या सुमारास सांगोला तालुक्यात या किडीने असा कहर केला, की कित्येकांना बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. ज्या सोलापुरी डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच डाळिंबाची ही गोष्ट.

मी वैरागचा. नोकरीत असताना प्राणिशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतरही लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत फांद्यांचे तुकडे घेऊन घरी येतात. ते दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, “सर, औषध कोणते मारू?” त्याचे उत्तर डाळिंब संशोधन केंद्राने द्यावे, मी नव्हे. दुसरा प्रश्न मला अधिक बेचैन करतो. “सर, बांधावरचा कडुनिंब, बाभळ, चिंच तोडून बांध साफ करू का? किडा तिथूनच येतो म्हणतात.” एकदा तोडलेली चिंच पुन्हा उभी राहायला एक पिढी जावी लागते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर घाईने देता येत नाही. ते नीट द्यायचे तर आधी या किड्याचे घराणे पाहिले पाहिजे आणि मग थोडे जंगलात जाऊन यावे लागेल.

धान्याच्या कणगीतला सोंडा किडा आपल्या ओळखीचा आहे. आपला भुंगेरा त्याचाच भाऊबंद. झाडाच्या साली-लाकडात राहणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या जगभरात सुमारे सहा हजार जाती शास्त्राला ठाऊक आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतल्या आहेत. अमेरिकेतल्या स्टीफन वुड या शास्त्रज्ञाने आयुष्य या एकाच घराण्यासाठी वेचले आणि डोनाल्ड ब्राइट यांच्यासह १९९२ मध्ये त्याची प्रचंड जगसूची प्रसिद्ध केली. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्याचे आडनावच ‘वुड’ म्हणजे लाकूड असावे, हा योगायोग मुलांना वर्गात सांगितला की ते हसायचे.

या घराण्यातली मंडळी तऱ्हेतऱ्हेची आहेत. युरोपात सूचिपर्णी झाडांच्या सालीखाली एक भुंगेरा अशी नक्षी कोरतो, की छापखान्यातल्या खिळ्यांच्या ओळी वाटाव्यात. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे नाव ‘टायपोग्राफस’, म्हणजे मुद्रक, असे ठेवले. दुसरा जेमतेम एक मिलिमीटरचा. तो पुस्तकाच्या बांधणीत सापडला, म्हणून त्याला ‘एरुडिटस’, म्हणजे विद्वान, ही पदवी मिळाली! खजुराच्या बीत घर करणारी एक जात आहे. कॉफीच्या फळात शिरून बी खाणारी दुसरी एक जात आहे. भारतात ती १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला प्रथम आढळली आणि तिथून पुढे कॉफीच्या मळ्यांत पसरली.

खाण्याच्या सवयीवरून या घराण्याच्या दोन मोठ्या शाखा पडतात. पहिली शाखा खरोखर साल खाणाऱ्यांची. सालीच्या आतल्या बाजूला झाडाचा अन्नरस वाहणारा जो कोवळा थर असतो, त्यावर यांची उपजीविका. दुसरी शाखा लाकडात खोल शिरते, पण लाकूड खात नाही. ती लाकडात शेती करते. डाळिंबातला आपला भुंगेरा या दुसऱ्या शाखेतला.

शेती हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. मादी नवे घर करायला निघते तेव्हा तोंडाजवळच्या बारीक पिशवीत बुरशीचे बियाणे घेऊन निघते. लाकडात बोगदा खणते आणि त्याच्या भिंतींवर ती बुरशी पेरते. ती वाढली, की आई आणि अळ्या तिच्यावरच जगतात. ऑस्ट्रियातल्या श्मिडबर्गर नावाच्या निरीक्षकाने १८३६ मध्ये बोगद्यातला हा पांढरा लेप पाहिला आणि ग्रीक देवांच्या अन्नाचे नाव त्याला दिले: ‘अँब्रोशिया’, म्हणजे आपले अमृत. ते अमृत म्हणजे बुरशी आहे, हे १८४४ मध्ये जर्मनीच्या हार्टिग यांनी दाखवले. यांच्या एका जातीत अळ्या आणि प्रौढ कामे वाटून घेतात, अळ्यासुद्धा घरातला कचरा गोळा करतात, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. आपल्या शिवारातल्या वारुळात वाळवीही बुरशीची बाग लावते आणि पावसाळ्यात त्याच वारुळावर अळंबी उगवते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षे झाली. या किड्यांच्या शेतीचा हिशेब कोटी वर्षांत करावा लागतो.

आता जंगलात जाऊ. आधी थंड देशातल्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकात साल खाणाऱ्या एका भुंगेऱ्याची साथ सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला ग्रासले. आपल्या सबंध महाराष्ट्राचे क्षेत्र तीन कोटी हेक्टरांच्या थोडे वर आहे, यावरून कल्पना करावी. असे का झाले? पूर्वी हिवाळ्यातली कडाक्याची थंडी अळ्या मारून टाकी. हिवाळे सौम्य होत गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मैलोन्‌मैल एकाच जातीचा, साधारण एकाच वयाचा पाइन उभा होता. किड्याला पुढचे झाड शोधावेच लागत नव्हते.

उष्ण प्रदेशातल्या सदाहरित जंगलात चित्र उलटे. आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आंबोलीसारख्या ठिकाणी, एका झाडाच्या शेजारी त्याच जातीचे दुसरे झाड सहसा नसते. एकाच झाडावर जगायचे ठरवलेल्या किड्याला तिथे नवे घर शोधताना जन्म पुरायचा नाही. म्हणून अशा जंगलात बुरशी पिकवणाऱ्यांची चलती असते. त्यांना झाडाच्या जातीशी फारसे देणे-घेणे नसते. लाकूड ओले असले आणि आपली बुरशी त्यात धरली, की झाले. आर. ए. बीव्हर या शास्त्रज्ञाने १९७९ मध्येच हा फरक मांडला होता: थंड प्रदेशातले हे भुंगेरे झाडाच्या निवडीत काटेकोर, उष्ण प्रदेशातले बरेचसे मिळेल त्यावर भागवणारे.

मग हे जंगल मरत कसे नाही? कारण तिथे या भुंगेऱ्यांच्या जाती पुष्कळ आणि प्रत्येक जातीची संख्या बेताची. बहुतेक जण पडलेल्या, मोडलेल्या, मरू घातलेल्या लाकडावर काम करतात. एक बारीक फांदीत, दुसरा जाड खोडात, तिसरा नुकत्या पडलेल्या झाडात, चौथा महिन्याभराने येणारा. त्यांना खाणारे किडे आणि पक्षी शेजारीच असतात. मेलेल्या झाडाची माती करण्याचे काम याच मंडळींच्या बोगद्यांपासून सुरू होते. जंगलात हा किडा नसता, तर पडलेल्या लाकडाचे ढिगारे साठत गेले असते. मात्र जंगल एकसुरी झाले, की तिथेही गणित बिघडते. १९९७ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या सालवृक्षांच्या जंगलात खोड पोखरणाऱ्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची साथ आली आणि लक्षावधी झाडे तोडावी लागली. तो किडा वेगळ्या कुळातला, पण धडा तोच.

आता आपल्या भागाकडे येऊ. वैरागहून सोलापूरच्या वाटेवर नान्नजचे माळढोक अभयारण्य लागते. ते १९७९ मध्ये माळरानासाठी राखले गेले. तिथे गवत मुख्य, झाड तुरळक. दुसऱ्या बाजूला बार्शीच्या पुढे येडशीजवळ रामलिंग घाटाचे पानगळीचे जंगल आहे. ते उन्हाळ्यात असे वाळते, की काडी मोडली तरी कट्‌कन आवाज येतो. बुरशीला ओल लागते. लाकूड वाळले, की पीक करपले आणि शेतकरी उपाशी. म्हणून कोरड्या पानगळीच्या जंगलात बुरशी पिकवणाऱ्यांना वर्षातले थोडेच महिने चांगले जातात. साल खाणारे आणि सुकलेले लाकूड पोखरणारे इतर भुंगेरे तिथे जास्त टिकाव धरतात. ओढ्याकाठच्या बाभळीवर लांब मिशांचा एक भुंगेरा पूर्वापार राहतो, जो पुढे द्राक्षबागांतही शिरला. आंब्याच्या सालीखाली राहणारी जात आणखी वेगळी. म्हणजे वैरागपासून तासाभराच्या टापूत चार प्रकारची रानं आणि चार प्रकारची किड्यांची वस्ती आहे.

आणि या सगळ्यांच्या मध्ये आहे डाळिंबाची बाग. आमच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीला सुमारे सात हजार. पण ठिबकाखालची बाग पाहा. भर एप्रिलमध्ये बाहेरचे रान वाळून कोळ झालेले असते आणि बागेतले लाकूड ओले, रसरशीत असते. माझ्या मते आपण माळावर ओल्या जंगलाचा एक तुकडा आणून ठेवला आहे. त्यात ओल जंगलासारखी आहे, विविधता मात्र नाही. बारमाही ओल आणि मैलभर एकच झाड, अशी दोन्ही सुखे या किड्याला सह्याद्रीतही एकत्र मिळत नाहीत. ती आपण बागेत मिळवून दिली. त्यामुळे जंगलात अनेकांतला एक असलेला भुंगेरा इथे एकटाच पाटील होऊन बसतो.

डाळिंबावर अशा एकाहून अधिक जाती सापडतात. त्यांतली सर्वांत बदनाम जात युवॅलेशिया फोर्निकेटस. जुन्या पुस्तकांत तिचे नाव झायलेबोरस फोर्निकेटस असे आढळेल. १८६८ मध्ये सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, नमुन्यांवरून तिचे वर्णन झाले आणि पुढे तिथल्या चहाच्या मळ्यांची ती कुप्रसिद्ध कीड ठरली. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा हा जीव आणि त्याचे भाऊबंद लाकडाबरोबर जगभर गेले. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये दिसले, इस्रायलमध्ये २००९ मध्ये अ‍ॅव्होकॅडोच्या बागांत सापडले, दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये त्यांची ओळख पटली. त्यांच्या यशाचे रहस्य संसाराच्या रीतीत आहे. नर आकाराने लहान, त्याला उडता येत नाही; माद्यांचे मीलन बोगद्यातच भावंडांत होते आणि बाहेर पडणारी मादी अंडी घालायला तयार होऊनच निघते. म्हणजे एक मादी पोचली, की एक गाव वसले. उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी तयार होते.

झाड अडचणीत असल्याचे या किड्यांना कळते कसे? मुळाशी पाणी साचून हवा मिळेनाशी झाली, की झाडाच्या आत मद्यार्क तयार होतो आणि सालीतून त्याचा वास सुटतो. बुरशी पिकवणाऱ्या अनेक जातींना तो वास म्हणजे आमंत्रण. शिवाय २०१८ मध्ये असेही दिसून आले, की काही जातींच्या पिकाऊ बुरशीला मद्यार्क मानवतो आणि फुकट उगवणाऱ्या इतर बुरशींना तो मारतो. आपण तणनाशक वापरतो, तसेच हे. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यातल्या भारी काळ्या रानांत दिवसेंदिवस पाणी तुंबले होते. अशी तुंबलेली बाग या जातींना दुरून साद घालते. फोर्निकेटस मात्र या वासावरच अवलंबून नाही. ती वरून ठणठणीत दिसणाऱ्या झाडावरही बसते, म्हणून जास्त घातक.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. डाळिंबाचा मर रोग सेराटोसिस्टिस नावाच्या बुरशीने होतो. ती मुळांतून, मातीतून आणि अवजारांतूनही पसरते. मर लागलेल्या झाडावर भुंगेरा मागाहून येऊन बसू शकतो. मढ्याजवळ सापडला म्हणून तोच खुनी, असा पंचनामा करून चालत नाही. खोड आडवे कापून पाहावे, आत करडे-तपकिरी डाग आहेत का, मुळे कशी आहेत, हे तपासावे. रोग मुळात असताना खोडावर कितीही फवारले तरी पैसा वाया.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. बांधावरची झाडे तोडावीत का? माझे उत्तर आहे: नाही. फोर्निकेटस शेकडो प्रकारच्या झाडांवर बसते, हे खरे. पण ज्या झाडावर ती भोक पाडते त्या प्रत्येक झाडात तिचा संसार फुलत नाही; कित्येक झाडांत तिची बुरशी धरतच नाही. दुसरे, जिवंत झाड तोडले की मागे ओला बुडखा आणि ओली ओंडकी उरतात. बांध साफ करायला निघालेला माणूस किड्यांसाठी नवी चाळ बांधून ठेवतो. तिसरे, बांधावरच्या जुन्या झाडांत लाकडातले किडे टिपणारा सुतार पक्षी राहतो. आपल्या कोरड्या प्रदेशातल्या एका सुतार पक्ष्याच्या तर शास्त्रीय नावातच ‘महाराटेन्सिस’ आहे. मराठीत त्याला मराठा सुतार म्हणतात. एकटा सुतार बाग वाचवील असा माझा दावा नाही. पण किडा ठेवून त्याला खाणारा घालवणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

अपवाद एरंडाचा. ही जात एरंडावर आवडीने येते. बागेभोवती एरंड असेल, तर तो रोज पाहावा आणि भोके दिसताच काढून जाळावा. तसा वापरला तर तो पहारेकरी होतो. दुर्लक्ष केले तर तोच चोरांना आसरा देतो.

खरा धोका कुठे असतो, ते पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो: “छाटणीची लाकडं कुठं टाकलीत?” उत्तर बहुधा एकच असते, “बांधाला रचलीत.” उपटलेल्या डाळिंबाची जाड खोडे बांधाला रचली, की ती आठवडेच्या आठवडे आतून ओली राहतात आणि त्यातून भुंगेरे बाहेर पडत राहतात. बोटाएवढ्या काड्या कडक उन्हात पसरल्या तर लवकर वाळतात, आतली बुरशी मरते, तिथे भीती नाही. जाड, भोके पडलेले लाकूड मात्र त्याच दिवशी रानाबाहेर काढून जाळले पाहिजे. घरच्या जुन्या खाटेतून जो भुसा गळतो, तो वेगळ्या भुंगेऱ्याचा. त्याच्या भीतीने माजघरातला पलंग जाळू नये!

बाकीचे उपाय साधे आहेत. भारी जमिनीत चर काढून पाण्याला वाट द्यावी. बहार धरताना ताण द्यावाच लागतो, पण झाडाची ताकद पाहून द्यावा. आजारी झाडाला ताण देणे म्हणजे अशक्त माणसाला निर्जळी उपास घडवणे. अवजाराने खोडाला जखमा करू नयेत. रोपे निरोगी रोपवाटिकेतूनच आणावीत. खोडाला गेरू आणि औषधाचा लेप देण्याची पद्धत आपल्याकडे आता रुळली आहे. त्यातले औषध आणि प्रमाण दुकानदाराला न विचारता सोलापूरजवळ केगावला २००५ पासून असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राला विचारावे. लेप किड्याला आत शिरण्याआधी अडवतो. तो एकदा लाकडात गेला, की फवारा त्याच्यापर्यंत पोचणे कठीण. तो पाने खात नाही, लाकूडही खात नाही, मग विष त्याच्या पोटात जाणार कसे?

शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना एक काम सुचवतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला बाजूने खिडकी कापा, तळाशी थोडे स्पिरिट घाला आणि छातीच्या उंचीवर टांगा. एक बाटली बागेत, एक ओढ्याच्या बाभळीत, एक आमराईत. रामलिंगला लावायची तर वनखात्याची परवानगी घ्या. आठवड्याने भिंगाखाली पाहा, किती प्रकारचे भुंगेरे कुठे पडले ते मोजा. फोर्निकेटस अशा सापळ्यात कमी येते, त्यामुळे बाटली रिकामी म्हणजे बाग सुरक्षित असे बागायतदाराने मानू नये; खोड डोळ्यांनीच पाहावे. मुलांना मात्र कोणत्या रानात किती प्रकारांची वस्ती आहे, हे स्वतःच्या हाताने मोजता येईल.

देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतल्या बीसन यांनी १९४१ मध्ये भारतातल्या वनकीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हापासून जंगलातल्या किड्यांचा हिशेब वनखात्याच्या वहीत आणि पिकावरच्या किडींचा कृषी खात्याच्या वहीत मांडला जातो. किड्याला ही खाती ठाऊक नाहीत. तो ओल्या लाकडाच्या मागे जातो, मग ते रामलिंगच्या घाटातले असो की तुमच्या बागेतले. घाटातल्या पडलेल्या झाडात तो मातीसाठी राबतो. बागेत त्याला आपण एकच झाड, बारमाही ओल आणि बांधाला रचलेली लाकडे देतो, म्हणून तो आपल्या मुळावर उठतो. यांतले बारमाही पाणी आपल्याला बंद करता येणार नाही. पण रचलेली लाकडे आज संध्याकाळपर्यंत हलवता येतील, आणि बांधावरची चिंच उभी ठेवायला तर काहीच खर्च नाही.